रेषा उगवायचे दिवस

विजयदुर्गच्या जेटीकडे उतरताना
बर्फाच्या कारखान्याला खेटून माझं टेबल.
एक छत्री, एक लॅपटॉप, पावत्यांचं छोटं मशीन
आणि काचेचा तो लाल डोळा.
त्याच्यावर बोट ठेवलं की बँक म्हणते,
हो, हीच ती.

अनसूया मेथर ठेवते.
बँक म्हणते, नाही.
पदराला पुसून पुन्हा ठेवते.
नाही.
मधलं बोट. करंगळी. डावा हात.
नाही, सर्व्हर डाऊन, थांबा, नाही.

"रुबिना, माजो आंगठो खंय गेलो गो?"

कुठे जाणार?
चाळीस वर्षं सुरीखालून थोडा थोडा गेला,
सुरमईच्या खवल्यांबरोबर.
सुंगटांच्या काट्यांनी टोचून नेला,
बर्फाच्या लादीला चिकटून राहिला,
उरला तो खारवताना मिठात मुरला.

स्क्रीन विचारते, नकाराचं कारण निवडा:
बोट ओले. बोट तिरके. इतर.
त्यात मासे नाहीत.
मी इतर निवडते.
संध्याकाळपर्यंत माझ्याकडे बंदरभर इतर जमतात.

ओटीपीचा मार्ग आहे म्हणा.
पण तो जातो तिच्या मुलाच्या फोनवर,
आणि मुलगा चाळीस वाव पाण्यावर, रेंजच्या पलीकडे.
ट्रॉलर परत खाडीच्या तोंडाशी आला
की खलाशांचे फोन एकदम किलबिलायला लागतात,
तीन दिवसांपूर्वीचे सहा सहा आकडे,
सगळे शिळे.

तिच्या सासूचा अंगठा वाण्याला लगेच पटायचा.
शाईत बुडवून, कोऱ्या कागदावर.
त्याला रेषा लागत नव्हत्या,
डाग पुरे होता.

तसं बघितलं तर आमचं बंदर हा एक लहानसा देशच.
दोन बर्फाचे कारखाने, एक डिझेलचा पंप,
आणि चलन म्हणजे वाटा:
पाच बांगडे, कधी सहा, ओळखीवर सात.
आता पाटीच्या कडेलाही तो काळापांढरा चौकोन डकवलेला,
त्यावर खवले चिकटलेले, तरी चालतो.
शमशुद्दीनच्या चहाच्या गाड्यावर
डब्यातली बाई दिवसभर बोलते,
"पंधरा रुपये प्राप्त झाले,"
जन्मात कधी मासे न खाल्लेल्या आवाजात.

कुडाळच्या प्रशिक्षणात साहेबांनी
भिंतीवर एक रेषा दाखवली, वर वर चढणारी.
म्हणाले, ही तुमच्या किनाऱ्याची प्रगती.
मी टाळ्या वाजवल्या.
खोटं नव्हतं ते.
मागच्या वादळाची भरपाई थेट खात्यात आली होती,
मधल्या कुणाच्या खिशाला हात न लावता.
फक्त ती खात्यातून बाहेर येईना.
मला विचारायचं होतं,
पण तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली.

जूनमध्ये बंदी लागते.
होड्या माडांखाली चढतात, झापांनी झाकल्या जातात.
जेटीवर कुत्री झोपतात, मधोमध.
बर्फाचा कारखाना गप्प झाला
की आपण इतके दिवस ओरडून बोलत होतो हे कळतं.

आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात
अनसूया येते, छत्री मिटत,
हाताला खोबरेल तेलाचा वास.
ते आधी पुसायला लावते मी.
अंगठा ठेवते.
बँक म्हणते, हो.
पहिल्याच फटक्यात.

मी तिचा हात उलटा करून बघते.
खरंच उगवल्या होत्या रेषा,
तरव्यासारख्या, बारीक, दाट.

"किती काढू?"
"सगळे."
"अगो, राहू देत थोडे. व्याज मिळतं."
ती माझ्याकडे बघते,
लिलावात चुकीचा भाव बोललेल्या माणसाकडे बघावं तशी.
"नारळी पुनव झाली की मी परत कोणच नाय."

मी नोटा मोजल्या. तिनं मोजल्या.
मग मी परत, कारण दोन चिकटल्या होत्या.
मशीनमधून पावती सरकत आली,
शिल्लक शून्य रुपये शून्य पैसे.
तिनं ती उलटी धरून नीट वाचली
आणि पदराला बांधली,
पैशांपासून वेगळ्या गाठीत.